नजर आधी कुठे जाते?

(दृश्य: सकाळची वेळ. लहेरीपुरा दरवाजातून मांडवीकडे जाणारा रस्ता.)

जुन्या बडोद्यात लहेरीपुरा दरवाजातून आत शिरलं की रस्ता सरळ मांडवीवर येतो. पाणीगेटकडून या, चांपानेर दरवाजातून या किंवा गेंडीगेटकडून, पोहोचायचं मांडवीलाच. वाटेत दुकानं, पाट्या, हातगाड्या, गर्दी सगळं आहे. तरी जुन्या बडोद्याचा मध्य कुठे, हे नवख्या माणसाला विचारावं लागत नाही. रस्त्यांची आखणीच त्याला तिथे आणून सोडते. वेब पानाच्या मांडणीतही हेच साधायचं असतं.

(दृश्य: दांडिया बाजारातलं घर. टेबलावर लॅपटॉप, शेजारी फराळाचे डबे.)

या घरात दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या जातात. यंदा त्यासाठी वेबसाइट होते आहे. मावशींना सगळंच वर आणि मोठं हवंय: चकली, अनारसे, करंज्या, भाव, सवलत, दोन्ही फोन नंबर. डिझायनर भाची विचारते, "मावशी, पान उघडल्यावर माणसानं पहिलं काय करावं?"

"ऑर्डर द्यावी, आणखी काय!"

मग ऑर्डरचं बटण सगळ्यांत ठळक. बाकीच्यांनी त्याला वाट करून द्यायची.

एकच गोष्ट ठळक ठेवण्याचा हा हट्ट डोळ्याच्या रचनेतून येतो. आपल्याला लख्ख दिसतं ते जेमतेम दोन अंशांच्या टापूत, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. बाकी सगळं धूसर. म्हणून नजर उड्या मारत फिरते आणि दर थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकते. पुढची उडी कुठे घ्यायची, हे कडेच्या धूसर नजरेला जे वेगळं जाणवतं त्यावर बरंचसं ठरतं: मोठा आकार, उठून दिसणारा रंग, भोवतालची मोकळी जागा. मोकळी जागा वाया गेली असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पण नजर मनातल्या कामाचंही ऐकते. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले, तेव्हा प्रश्न बदलला की नजरेची वाटही बदलली. 2006 मध्ये वेबच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 232 जणांची नजर टिपली. वेब पानं वाचताना ती वरच्या ओळींवर आडवी धावत होती आणि मग डाव्या कडेनं खाली घसरत होती. उजवा खालचा कोपरा बहुतेक उपाशीच. रंगीत, हलत्या चौकटीतली सवलत तर अनेकांना दिसतच नाही, कारण तिला जाहिरात समजून नजर पुढे जाते. मावशींची सवलत म्हणून साध्या अक्षरांत, भावाला लागून आली.

(दृश्य: पडद्यावर मराठी मथळा, आधी जाड, मग मोठा.)

मराठी पानाची अडचण आणखी वेगळी. इंग्रजीत कॅपिटल अक्षरांनी जोर देता येतो, देवनागरीत तशी सोयच नाही. अक्षर जाड करावं, तर लहान आकारात 'क्ष' आणि 'ध' यांची पोटं बुजतात. शिवाय वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. ओळी दाटीनं बसवल्या की हे एकमेकांत अडकतात. इंग्रजीसाठी बेतलेला साचा उचलून त्यात मराठी ओतणारे इथेच फसतात. आपल्या लिपीला ओळींमध्ये जास्त जागा लागते, आणि ती द्यायलाच हवी.

अंतराचं काम एवढ्यावर संपत नाही. जवळ ठेवलेल्या गोष्टी आपण एका गटातल्या मानतो, हे मानसशास्त्रज्ञ माक्स वर्टहायमर यांनी 1923 मध्ये मांडलं. चकलीचा भाव चकलीच्या फोटोला लागून हवा आणि खालच्या करंजीपासून स्पष्ट लांब. दोन्हीकडे सारखं अंतर राहिलं, तर गिऱ्हाईक भाव कुणाचा ते शोधत बसतं.

(दृश्य: ऑर्डरचं बटण. त्याखाली घरपोच पोहोचवण्याचा खर्च.)

नजर वळवता येते, तशी चुकवताही येते. फिकट राखाडी, बारीक अक्षरांत जादा खर्च दडवणारी पानं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत 13 प्रकार नोंदवले आहेत. एक गोष्ट उठावदार करून दुसरी झाकणं हा त्यांतलाच एक.

भाचीनं घरपोच पोहोचवण्याचा खर्च बटणाच्या अगदी वर, भावाच्याच मापाच्या अक्षरांत घेतला.

"इतक्या मोठ्या अक्षरांत?" मावशी विचारतात.

"पैसे द्यायच्या आधी दिसायला हवा ना."

मावशी फोन हातात घेतात आणि स्वतः ऑर्डर देऊन बघतात.