घरातले निरोप

(दृश्य: बडोदं, दांडिया बाजार. सकाळ. जुन्या घराचं स्वयंपाकघर.)

या घरातली माणसं आम्ही कल्पनेतून उभी केली आहेत. बोलणं मात्र तुमच्या कानांवरून नक्की गेलेलं असेल.

"आजीला म्हणावं, आमटीत गूळ मी घातलाय. पुन्हा घालू नका."

"तुझ्या आईला सांग, मला अजून दिसतंय म्हणावं."

दोघी एकाच ओट्याशी उभ्या आहेत. मधे दप्तर अडकवून दहावीतला नातू. निरोप पोचवताना तो शब्द थोडे मवाळ करतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. बाबा गॅलरीत, फोनमध्ये डोकं घालून.

गेले काही आठवडे रोज सकाळी या मुलाच्या पोटात कळ येते. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलं. घरचे म्हणाले, "याला जरा समजावून सांगा, बोर्डाचं वर्ष आहे." समुपदेशक ताईंनी उलट विचारलं, "घरात कोण कोण असतं? सगळेच या."

(दृश्य: समुपदेशन केंद्रातली खोली. पाच खुर्च्या.)

कुटुंबोपचाराची सुरुवात अशीच होते. त्रास एकाला होत असला, तरी घरातल्या कुठल्या वागण्यातून तो वाढतो, हे सगळ्यांना एकत्र बसवून पाहायचं. अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ मरी बोवेन यांनी 1950च्या दशकात रुग्णांबरोबर अख्खी कुटुंबं वॉर्डात राहायला आणली होती. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांसाठी आवारात तंबू ठोकले. कर्मचारी अपुरे होते, ही अडचण होतीच. पण घरची माणसं सोबत राहिली की रुग्ण सावरतो, हे तिथे दिसलं. आपल्याकडच्या या कामाची आठवण फार कमी निघते, याचं वाईट वाटतं.

बोवेन यांनी 'त्रिकोण' ही कल्पना मांडली. दोघांतला ताण सोसेनासा झाला की ते तिसऱ्याला मधे ओढतात. दोघांना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, भार तिसऱ्यावर येतो. एकत्र कुटुंबात असा तिसरा कायम हाताशी असतो, आणि बहुतेकदा ते मूल असतं.

आता या खोलीत काय चाललंय ते जवळून बघा. नातू सवयीनं आई आणि आजीच्या मधल्या खुर्चीवर बसला. ताईंनी त्याला आपल्या शेजारी बोलावून घेतलं. कोण कुठे बसतो इथपासून घराची घडी बदलायला लागायचं, ही कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांची पद्धत.

मग ताईंनी नातवालाच विचारलं, "आई आणि आजीचं बिनसलं की बाबा काय करतात?"

"गॅलरीत जातात."

"मग?"

"मग आई माझ्या अभ्यासावरून चिडते."

बाबा हे पहिल्यांदाच ऐकत होते. चूक कुणाची, हे शोधत बसण्याऐवजी कशामागून काय घडतं ते विचारायचं; हे प्रश्न इटलीतल्या मिलानच्या उपचारकांनी रुळवले.

पुढे आजींना सांगितलं, सुनेकडे वळून बोला. बराच वेळ गेला.

"तू ओट्याशी आलीस की मला वाटतं, या घरात माझं आता काही काम उरलं नाही."

"आई, मला वाटायचं, तुम्हाला माझ्या हातचं आवडतच नाही."

गुळाचा विषय निघालाच नाही.

घरी करायच्या गोष्टी ठरल्या. नातवानं निरोप न्यायचा नाही, "तुम्हीच सांगा ना" म्हणायचं. बाबांनी गॅलरीत न जाता तिथेच थांबायचं, बाजू न घेता. असं सुरू झालं की आधी घरातली भांडणं वाढूही शकतात, कारण इतके दिवस आडून बोललेलं आता समोरासमोर येतं. "याने तर बिघडलंच" म्हणून अनेक घरं इथेच येणं सोडतात. आमची कळकळीची विनंती आहे, नेमकं तेव्हा सोडू नका. पुढच्या बैठकीत तेच भांडण ताईंसमोर मांडा.

एक मात्र ठामपणे सांगायला हवं. घरात मारहाण, धमक्या, धाक असेल तर सगळ्यांना एकत्र बसवणं धोक्याचं असतं. खोलीत बोललेल्याची शिक्षा घरी मिळते. अशा वेळी एकट्यानं भेट मागा. गुजरातमध्ये महिलांसाठी 181 अभयम ही हेल्पलाइन आहे.

आणि घरातलं कुणीच यायला तयार नसेल तर? जो तयार आहे त्यानं जावं. बोवेन एकट्या माणसाबरोबरही कुटुंबाचं काम करत. एकानं निरोप पोचवायचं थांबवलं, तरी बाकीच्यांना एकमेकांशी बोलावंच लागतं. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा: 14416. ती मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असते.