वाफेची वाट, धुराची वाट

[दृश्य: अंधाऱ्या पत्र्याच्या नळीत सरकणारा कॅमेरा]

हा कॅमेरा ज्या नळीतून चाललाय ती चार इंच व्यासाची आहे. कपडे सुकवणाऱ्या ड्रायरच्या पाठीमागून ती निघते आणि भिंत पार करून घराबाहेर उघडते. आतली गरम, दमट हवा बाहेर टाकायची, एवढंच तिचं काम. सुरुवातीला चकचकीत पत्रा दिसतोय. पहिल्या वळणावर त्याच्यावर करडी लव धरलीय. दुसऱ्या वळणावर पत्रा दिसेनासाच होतो. चार इंचांच्या वाटेत आता जेमतेम दोन बोटं जातील एवढी फट उरलीय.

या घरातल्या माणसांचा समज होता की ड्रायर जुना झाला. कपडे दोन-दोनदा फिरवले तरी ओले राहायचे. नवा घ्यायच्या बेतात होते. यंत्र अजून धडधाकट आहे. कोंडलाय तो त्याचा श्वास.

[दृश्य: जाळीवरून बोटांनी निघणारा लिंटचा पापुद्रा]

जाळीवरून अलगद सुटणारा हा पापुद्रा म्हणजे लिंट. पिंपात कपडे गरगर फिरतात, एकमेकांवर घासतात आणि सुताचे बारीक तुकडे झडतात. टॉवेल त्यात सगळ्यात पुढे. जाळी बरीचशी लिंट अडवते, पण सगळी नाही. उरलेली हवेबरोबर पुढे जाते. हवा ओलसर, नळी थंड, मग लव चिकटते. एक थर बसला की पुढच्या थराला तोच आधार मिळतो.

जाळी दर खेपेला साफ करायची हे बहुतेकांना माहीत असतं, आणि बहुतेक जण करतातही. पण जाळीच्या पलीकडे काही असतं याचा विचारच कोणी करत नाही. या फिल्मचा सगळा खटाटोप त्या पलीकडच्या भागासाठी आहे.

[दृश्य: नळाखाली धरलेली जाळी, तिच्यावर थबकलेलं पाणी]

हे जरा नीट बघा. जाळी दिसायला स्वच्छ आहे, तरी पाणी तिच्यातून गळत नाही, वर तळं करून थांबलंय. कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रायरमध्ये सुगंधी कागद टाकतात, त्याचा मेणचट थर जाळीच्या छिद्रांवर बसलाय. कोमट पाणी, साबण आणि जुना दात घासायचा ब्रश. दोन मिनिटांत पाणी धो-धो खाली.

[दृश्य: ड्रिलला जोडलेला फिरता ब्रश नळीत शिरतो]

आता मुख्य काम. आधी ड्रायरचा प्लग काढलाय. गॅसवर चालणारा ड्रायर असता तर गॅसचा कॉकही बंद केला असता. मग यंत्र पुढे ओढून नळी मोकळी केली. लवचीक कांड्या एकमेकींत पिळून जोडायच्या, टोकाला ब्रश आणि मागे ड्रिल. कारागीर ड्रिल सुलटीच फिरवतोय. चुकून उलटी फिरवली तर कांड्यांचे आटे सुटतात आणि ब्रश नळीत अडकून बसतो. एक कांडी आत गेली की दुसरी जोडायची. घाई नाही, दांडगाई नाही. वळणावर ब्रश अडतो, तिथे थांबून, थोडा मागे घेऊन पुन्हा पुढे.

आणि हे बाहेर आलं. आधी मूठभर, मग ओंजळभर, मग बादलीभर. खालचा थर ओला होऊन दाबला गेलाय, नमद्यासारखा घट्ट. वरचा मात्र कोरडा, कापसाहून हलका.

[दृश्य: लोखंडी ताटलीत चिमूटभर लिंट, त्याला लावलेली काडी]

काडी टेकायच्या आधीच पेटली, बघितलंत? रानात मुक्काम करणारे लोक चूल पेटवायला हीच लिंट डबीत भरून नेतात.

ड्रायरमध्ये विजेची तापणारी तार असते किंवा गॅसची ज्योत. तिची उष्णता वाहून न्यायला पंख्याचा झोत असतो. वाट तुंबली की झोत मंदावतो आणि उष्णता आतच साचते. जास्त तापलं की वीज तोडणारी सुरक्षा असते, पण ती पुन्हा पुन्हा चालू-बंद व्हायला लागली तर एक दिवस तीही दगा देते. शिवाय तोवर यंत्राच्या पोटातही, थेट तापणाऱ्या भागाशेजारी, लिंट जमलेली असते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा हिशेब मांडला होता. घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी, पाच मृत्यू, शंभर जखमी. कारणांत पहिला क्रमांक साफसफाई न करण्याचा.

[दृश्य: पांढरी प्लॅस्टिकची नळी, शेजारी गुळगुळीत पत्र्याची नळी, दोन्ही उभ्या चिरलेल्या]

डावीकडची नळी स्वस्त आणि बसवायला सोपी, म्हणून अनेक घरांत तीच सापडते. तिची प्रत्येक घडी म्हणजे लिंटसाठी आयता कप्पा. त्यातून प्लॅस्टिक स्वतःच जळतं. आगपेटीचं वेष्टणच भिंतीत बसवल्यासारखं आहे हे. उजवीकडची नळी गुळगुळीत पत्र्याची. सांधे चिकटपट्टीने बंद केलेत तेही धातूच्या, स्क्रूने नाही. स्क्रूचं टोक आत आलं की पहिला तंतू तिथेच अडकतो.

नळी जितकी सरळ आणि आखूड तितकी चांगली. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नमुना नियमांत सर्वसाधारण कमाल लांबी ३५ फूट धरतात, आणि काटकोनी प्रत्येक वळणाला त्यातून पाच फूट वजा. एका वळणाने हवेचा किती दम जातो ते यावरून कळावं.

[दृश्य: बाहेरच्या भिंतीवरची झडप, तोंडाशी काड्या आणि पिसं]

नळीचं बाहेरचं तोंड. झडपेमागे पाखराने घरटं केलंय. पिल्लं उडून गेल्यावरच ते काढलं. पाखरं शिरू नयेत म्हणून तोंडाला बारीक जाळी लावणारेही भेटतात. कृपा करून लावू नका. आठवड्या-दोन आठवड्यांत तिच्यावर लिंटची भिंत उभी राहते. गॅसचा ड्रायर असेल तर जळलेल्या गॅसची हवाही याच वाटेने जाते. ती तुंबली तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो, आणि त्याला ना रंग ना वास.

[दृश्य: कॅमेरा भिंतीवरून वर चढत छपरावर, धुराड्यापाशी]

हीच नळी रुंद झाली, उभी राहिली, तिच्यातून वाफेऐवजी धूर जायला लागला, की तिला आपण धुराडं म्हणतो. दुखणं मात्र तेच.

[दृश्य: जुनी रेखाचित्रं, काजळीने माखलेली लहान मुलं]

ही कामं कोणी केली हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंग्लंडमध्ये अरुंद धुराड्यांत लहान मुलांना चढवत. कोपर आणि गुडघे भिंतींना रेटत ती वर सरकायची, हातात ब्रश आणि खरवडणी. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने दाखवून दिलं की या कामगारांना होणाऱ्या एका कर्करोगाचं कारण काजळी आहे. १७८८ मध्ये कायदा झाला, आठ वर्षांखालचं मूल कामाला ठेवायचं नाही. तो कागदावरच राहिला. १८०३ मध्ये जॉर्ज स्मार्ट यांनी पोकळ कांड्या दोरीत ओवून टोकाला ब्रश लावला. मूल आत घालायची गरजच संपली होती. तरीही मुलं आणखी सत्तर वर्षं चढत राहिली. १८७५ मध्ये, धुराड्यात अडकून एका मुलाचा जीव गेल्यावर, परवान्याचा कडक कायदा आला.

मघाशी नळीत फिरलेला ब्रश त्याच घराण्यातला.

[दृश्य: धुराड्यात उतरणारा कॅमेरा, काळ्या भिंती]

वर धूर थंड होतो. त्यातली वाफ आणि न जळलेला डांबरी अंश भिंतीवर गोठतो, तोच क्रिओसोट. इथे तो भुरभुरीत आहे, काजळीसारखा. ब्रशने सहज निघेल. आणखी खाली काळे, कडक पापुद्रे दिसतात. आणि हा भाग पाहा, काळा लाख ओतल्यासारखा, चमकणारा. दिसायला सुंदर, आणि सगळ्यात घातक. याच्यावरून ब्रश नुसता घसरतो. यासाठी रसायनं किंवा खास फिरती अवजारं लागतात, आणि ते काम जाणकारानेच करायचं. भुरभुरीत थरसुद्धा अष्टमांश इंच, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर झाला, की सफाईची वेळ आली असं या धंद्यात मानतात. तपासणी मात्र वर्षातून एकदा, थर असो वा नसो.

[दृश्य: दोन ओंडके एकमेकांवर आपटले जातात]

ऐका. हा टणटणीत आवाज वाळलेल्या लाकडाचा. आणि हा बद्द आवाज ओल्याचा. वाळलेल्याच्या टोकाला उन्हाने तडकल्यासारख्या भेगाही दिसतात. ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा. त्यासाठी फोडलेलं लाकूड निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर, आडोशाला रचून ठेवावं लागतं. ओलं लाकूड धुमसतं. रात्रभर पुरावी म्हणून हवेची झडप बंद केली तरी आग धुमसतेच. धुमसणारी आग म्हणजे क्रिओसोटचा कारखाना.

[दृश्य: तडकलेल्या मातीच्या आतल्या नळ्या, जळून कोळसा झालेली छपराची तुळई]

क्रिओसोट पेटला की आगगाडी जवळून जावी तसा घोंघाट होतो. आतलं तापमान अकराशे अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. तेव्हा पाणी ओतायचं नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं.

[दृश्य: शेगडीच्या तोंडाला बांधलेलं कापड, त्यातून वर जाणाऱ्या कांड्या]

हा कारागीर खालूनच काम करतोय. कापडामुळे काजळी घरात येत नाही. एक कांडी, दुसरी, तिसरी. आतून खरखर ऐकू येते, मग काजळी घसरल्याचा धबकन आवाज. आठवी कांडी जोडताना तो घरातल्या मुलीला म्हणतो, "बाहेर जा आणि वर बघ. ब्रश दिसला की ओरड."

ती अंगणात उभी आहे, मान वर करून.

[दृश्य: धुराड्याच्या तोंडातून काळा ब्रश डोकं काढतो]

"दिसला!"