सगळे डोहाळे पुरवायचे, एक सोडून

मित्रहो, आजच्या विषयाविषयी मी आडपडदा न ठेवता बोलणार आहे. काही माणसांना गरोदर स्त्रीच्या शरीराचे विशेष लैंगिक आकर्षण वाटते. काहींना ते फक्त आपल्या पत्नीबाबत आणि त्या नऊ महिन्यांपुरतेच वाटते, तर काहींच्या मनात ही ओढ आयुष्यभर असते. समुपदेशनाच्या कामात मला दोन्ही प्रकारची माणसे भेटली आहेत, आणि बोलायला सुरुवात करताना दोघांचीही मान सारखीच खाली गेलेली असते.

तिशीतला एक गृहस्थ एकटाच आला होता. दार नीट लागले आहे ना, हे त्याने दोनदा पाहिले, सोनोग्राफीच्या फाइलची गुंडाळी करत बराच वेळ तो गप्प बसला आणि मग एका दमात म्हणाला, “पोट दिसायला लागल्यापासून बायको मला पूर्वीपेक्षा जास्त आवडते. मी विकृत आहे का?” दोन महिने तो बाहेरच्या खोलीत झोपत होता.

‘विकृत’ या शब्दाचे वजन फार मोठे आहे आणि आपण तो फार सहज वापरतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत वेगळी लैंगिक आवड आणि लैंगिक विकार यांत स्पष्ट भेद केला आहे: आवड वेगळी असणे हा आजार नव्हे, तिच्यामुळे त्या व्यक्तीला स्वतःला त्रास होत असेल किंवा दुसऱ्याला इजा पोहोचत असेल, तरच विकाराचा विचार करायचा. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून लागू झालेले वर्गीकरण आणखी पुढे जाते आणि लोक नाकारतील या भीतीने होणारा त्रास विकारात धरत नाही. त्या गृहस्थाचा त्रास नेमका हाच होता. त्याचे मन आजारी नव्हते. ‘लोक काय म्हणतील’ हे त्याने स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणापर्यंत आणून ठेवले होते.

ही ओढ येते कुठून? स्वीडनमधील मॅग्नस एन्क्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली अशी आवड असणाऱ्या प्रौढांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांना असे दिसले की या लोकांना धाकटी भावंडे असण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त होते. नकळत्या वयात घरात पाहिलेल्या गरोदरपणाचा ठसा राहत असावा, असा त्यांचा तर्क होता. एका अभ्यासावर फार मोठा इमला बांधू नये, पण माणूस आपली ओढ निवडत नाही, एवढे तरी त्यातून लक्षात घ्यावे.

आपल्याकडे गरोदर बाईचे कौतुक काही कमी होत नाही. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृतातल्या ‘दौहृद’पर्यंत जातो, दोन हृदये असलेली, म्हणजेच आपल्या बोलीतली ‘दोन जिवांची’. तिची इच्छा अपुरी ठेवू नये, असे आयुर्वेदाने सांगितले आणि आपण चिंचेपासून चांदण्यातल्या झोपाळ्यापर्यंत सगळे काही हौसेने पुरवले. मात्र तिला नवऱ्याची ओढ वाटू शकते, किंवा नवऱ्याला तिची, हे डोहाळजेवणाच्या गाण्यांत सहसा उघडपणे येत नाही. सातव्या महिन्यात ओटी भरली की ती माहेरी जाते, आणि भेटायला आलेल्या जावयाचे अंथरूण ओसरीवर घातले जाते. आई झालेली बाई पूज्य, आणि पूज्य बाईविषयी इच्छा म्हणजे पाप, असे हे गणित आहे. त्यात त्या बाईला कोणी काही विचारलेलेच नसते, याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

वैद्यकीय बाजू थोडक्यात सांगतो. गरोदरपणात गुंतागुंत नसेल तर शरीरसंबंधाने बाळाला इजा होत नाही; गर्भजल आणि गर्भाशयाच्या मुखाशी तयार होणारा चिकट बोळा त्याचे रक्षण करतो. रक्तस्राव होत असेल, वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असेल किंवा वेळेआधी कळा येण्याचा धोका असेल, तर डॉक्टर थांबायला सांगतात आणि ते काटेकोरपणे पाळायचे असते.

एक मर्यादा मात्र मी ठामपणे सांगतो. बसमध्ये उभ्या असलेल्या अनोळखी गरोदर बाईकडे टक लावून पाहणे, चोरून तिचे फोटो काढणे, “हात लावून बघू का?” म्हणणे, याला कोणत्याही आवडीचे कारण चालणार नाही. तिथे तिची संमती नाही, आणि त्यापुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली आणि अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा लोक निदान पत्र लिहून विचारत होते. माझ्यासमोर बसलेल्या त्या माणसाने दोन महिने कोणालाच विचारले नव्हते, बायकोलाही नाही.

पुढच्या वेळी मी दोघांना एकत्र बोलावले. तो अडखळत बोलला. ती ऐकत राहिली आणि मग डोळे पुसत म्हणाली, “मला वाटलं, माझं हे सुटलेलं शरीर तुम्हाला बघवत नाही.” माहेरी जायची तिची बॅग भरून तयार होती. ते जाणे त्यांनी दोन आठवडे पुढे ढकलले. तिच्या आईला त्यांनी काय कारण सांगितले, ते मी विचारले नाही.