आधी आडवी करून बघा

(दृश्य: म्हापशाचा बाजार, सकाळ. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलींची रांग.)

गोव्यात दुचाकीचं अप्रूप कुणाला? इथे टॅक्सीसुद्धा दोन चाकांवर धावते. हेल्मेट घालून तयार उभा असलेला पायलट आणि त्याच्या मागे मासळीची पिशवी सांभाळत बसलेली बाई, हे म्हापशात, मडगावात, पणजीच्या स्टँडवर रोजचंच.

या गर्दीत गेल्या काही वर्षांत एक उंच गाडी दिसू लागली आहे, ॲडव्हेंचर मोटारसायकल. पुढचं चाक मोठं, सस्पेन्शन लांब, इंजिनाच्या पोटाखाली धातूचा जाड पत्रा. २०२३ च्या नोव्हेंबरात रॉयल एन्फिल्डने नव्या हिमालयनची किंमत जाहीर केली ती आपल्या वागातोरला. तेव्हापासून चोर्ला घाटात रविवारी सकाळी या गाड्यांचे ताफेच्या ताफे भेटतात. बहुतेकांवर लेह-लडाखचे स्टिकर, आणि त्यांतल्या निम्म्या गाड्यांनी बेळगावच्या पुढचं जग पाहिलेलं नसतं. असो.

आपली गोष्ट सत्तरीतली. वाळपईजवळच्या एका गावात राहणारे, हायस्कुलात विज्ञान शिकवणारे एक सर. नाव पडद्यावर नको म्हणाले, म्हणून आपणही त्यांना सरच म्हणू. लग्नाआधी जुन्या गाडीवर कारवार, गोकर्ण, मालवण झालेलं. आता मुलगी कॉलेजला गेली, घरचं कर्ज फिटलं, आणि सरांनी ठरवलं की यंदा दसऱ्याला गाडी घ्यायची.

(दृश्य: गाडीच्या सीटवर बसलेले सर. कॅमेरा खाली त्यांच्या टाचांवर.)

सरांची उंची पाच फूट पाच इंच. हिमालयनची सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर. सपाट जागेवर दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाचा नाही. सपाट जागेवर हे चालून जातं. घाटाच्या वळणावर समोरून ट्रक आला, थांबावं लागलं आणि पाय उताराच्या बाजूला टाकला की जमीन आणखी चार बोटं खाली गेलेली असते. या वर्गातल्या गाड्या जास्त पडतात त्या अशाच, उभ्या असताना. वेगात क्वचित.

शोरूमच्या टेस्ट राइडमध्ये हे कळत नाही. पुढच्या सर्कलपर्यंत जाऊन परत येण्यात काय कळणार? पण गोव्यात राहण्याचा एक फायदा पर्यटकांनी करून दिला आहे. इथे जवळजवळ प्रत्येक गाडी भाड्याने मिळते. सरांनी शनिवार-रविवार काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, म्हणजे रीतसर भाड्याची गाडी घेतली आणि केरीवरून चोर्ला चढून आले. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, हेही सांगून ठेवतो.

निवडीत सरकारचाही हात होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. पूर्वी सेस धरून तो ३१ होता. म्हणजे २४९ सीसीची सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स स्वस्त झाली, आणि ४५२ सीसीची हिमालयन महाग. वजनातही फरक मोठा, १६७ किलो आणि १९६ किलो. खरं सांगायचं तर एकट्याने चोर्ला, आंबोली, तिलारी एवढंच फिरणाऱ्याला अडीचशे सीसी पुरून उरते. सरांना मात्र मिसेसना घेऊन, सामानासकट, हुबळीच्या हायवेने हंपी गाठायचं आहे. चढावर ट्रकला ओलांडताना ताकद हाताशी हवी. साधारण चाळीस बीएचपी आणि १७ लिटरची टाकी यांवर पारडं झुकलं, आणि हिमालयन ठरली. ट्यूबलेस टायर चालणारी तारांची चाकं घेतली, त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजून. ट्यूबवाल्या चाकाला घाटात खिळा लागला तर चाक काढून, टायर उचकटून ट्यूब बाहेर घ्यावी लागते. ट्यूबलेसला जागच्या जागी भोकात रबराची दोरी भरली आणि छोट्या पंपाने हवा मारली की निघता येतं.

(दृश्य: दसरा. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं.)

रवळनाथाच्या देवळासमोर नारळ वाढवला, गुरवाने गाऱ्हाणं घातलं. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या गाडीबरोबर येतोच. सरांनी वर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचाही घेतला.

खरी गोष्ट सुरू झाली ती पुढच्या आठवड्यात, डिचोलीच्या एका गॅरेजमध्ये.

(दृश्य: गॅरेज. भिंतीवर पान्यांची ओळ, फरशीवर तेलाचे डाग.)

सरांच्या खिशात मित्रांनी दिलेली यादी होती. ॲल्युमिनियमचे दोन डबे, वर टॉप बॉक्स, त्यांचा सांगाडा, चार फॉग लाइट, मोठी विंडशील्ड, हँडल उंच करणारे रायझर, पेट्रोलचा जास्तीचा कॅन. मेकॅनिकने यादी वाचली, घडी करून परत दिली आणि म्हणाला, “सर, आधी गाडी आडवी करून उचलून दाखवा. मग बोलू.”

दोघांनी मिळून नवी कोरी गाडी जुन्या गादीवर हळूच डाव्या अंगावर निजवली. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पहिल्यांदा त्यांनी केलं ते सगळेच करतात. हँडल धरून, कमरेत वाकून, पाठीच्या जोरावर ओढलं. गाडी हलली नाही. मग मेकॅनिकने दाखवलं. इंजिन बंद. गाडी घरंगळू नये म्हणून गिअरमध्ये. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवलेलं. गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, कंबर सीटच्या कडेला टेकवायची. एका हाताने खालच्या बाजूची मूठ, दुसऱ्याने मागची धरायची दांडी, म्हणजे ग्रॅब रेल. पाठ ताठ ठेवून मांड्यांनी रेटायचं आणि टाचा रोवत बारीक पावलं मागे टाकायची. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, म्हणजे उभी होताच ती त्याच्यावर टेकते. डावीकडे पडली असेल तर ती सोय नाही. उभी झाल्यावर जोर आवरायचा, नाहीतर पलीकडे कलंडते.

सर घामाघूम झाले, पण गाडी उभी राहिली. १९६ किलो, टाकीत पेट्रोल धरून. मेकॅनिकने विचारलं, “आता डबे लावायचे?”

दोन डबे, सांगाडा आणि टॉप बॉक्स रिकामेच पंधरा-वीस किलोंच्या घरात जातात. त्यात कपडे, हत्यारं, पाणी भरलं की हे सगळं वजन मागच्या चाकाच्या वर आणि मागे बसतं. पुढचं चाक हलकं होतं, ओल्या वळणावर हँडलला पकड राहत नाही. मग यादी नव्याने लिहिली गेली, आणि तीत लडाख नव्हतं. सत्तरी होती.

सत्तरी म्हणजे काय? वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या राज्यातला घाटाच्या पायथ्याचा तालुका. मिरगापासून चवथीपर्यंत रस्त्याच्या कडा तांबड्या चिखलाने निसरड्या. शेजारच्या डिचोलीत खनिजाचे आणि चिऱ्यांचे ट्रक, त्यांच्या चाकांतून उडणारी खडी. या गाडीचं इंजिन पाण्याने थंड होतं आणि रेडिएटर पुढच्या चाकाच्या मागेच असतो. एका खड्याने त्याची नळी फुटली की दौरा तिथेच संपला. म्हणून पहिली वस्तू शंभर रुपयांच्या स्टिकरइतकीही कुणाच्या नजरेत न भरणारी: रेडिएटरची जाळी. मग क्रॅश गार्ड आणि हँडगार्ड. उभी गाडी पडली की आधी क्लचचा किंवा ब्रेकचा लिव्हर मोडतो, म्हणून हँडगार्ड शोभेचा प्लास्टिकवाला नको, आत धातूची पट्टी असलेला हवा.

आणि साइड स्टँडच्या पायाला रुंद पत्रा. वस्तू तळहाताएवढी. ओल्या मातीत, मोरजीच्या वाळूत साइड स्टँड हळूहळू आत रुततो, आणि तुम्ही चहा पीत असताना गाडी सावकाश आडवी होते. हा पत्रा नसलेल्या पण चार फॉग लाइट असलेल्या गाड्या आम्ही शूटिंगमध्ये बऱ्याच पाहिल्या.

लाइटवर मेकॅनिकचं मत कडक. आंबोलीच्या धुक्यात पांढरा प्रखर झोत धुक्यावरच आपटून डोळ्यांत परत येतो. दोन पिवळे, खाली लावलेले आणि खाली झुकवलेले पुरेत. वायर हेडलाइटमधून चोरायची नाही; बॅटरीपासून वेगळा फ्यूज आणि रिले. समोरून येणारा आंधळा झाला तर तो आपल्याच अंगावर येतो, हे गोव्याच्या अरुंद रस्त्यांवर वेगळं सांगायला नको.

मोबाइलचा होल्डर घेतला तो रबराच्या डॅम्परसकट. इंजिनाच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द ॲपलने २०२१ मध्ये दिलेला आहे.

यादीतून वाचलेले पैसे अंगावर गेले. आयएसआयचं फुल फेस हेल्मेट, मिसेसनाही तसंच. खांदे, कोपर, पाठीला पॅड असलेलं जाळीदार जॅकेट, कारण एप्रिलच्या दमट उकाड्यात जाड जॅकेट आणलं तर ते खुंटीवरच राहतं. घोट्याच्या वर जाणारे बूट. रेनकोट सगळ्यावरून घालायचा, म्हणजे आतलं जॅकेट कोरडं राहतं.

(दृश्य: चोर्ला घाट. खाली अंजुण्याच्या धरणाचं पाणी.)

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सरांबरोबर घाटात होतो. सामान मऊ बॅगांत, दोन्ही बाजूंना खाली, जड वस्तू तळाला. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवलेला. दोघं बसल्यावर तो न वाढवता गाडी मागून बसते आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर जातो. घाटमाथ्याच्या अलीकडे फोटोसाठी थांबताना सरांचा पाय ओल्या पाचोळ्यावर सरकला आणि गाडी उजवीकडे गेली. मिसेस आधीच उतरल्या होत्या. आम्ही मदतीला धावलो, तर सरांनी हातानेच थांबवलं. इंजिन बंद, स्टँड उघडा, गाडीकडे पाठ. क्रॅश गार्डला ओरखडा आला, हँडगार्डला चिखल लागला. लिव्हर शाबूत. मागून आलेल्या बेळगावच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून दाद दिली.

जंगलातल्या कच्च्या वाटांवर मात्र सर गाडी घालत नाहीत. आजूबाजूला म्हादईचं अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नसतं.

घरी आल्यावर काम संपत नाही. दर पाचशे किलोमीटरला चेन पुसून तेल, पावसात त्याच्याही आधी. समुद्रकाठी जाऊन आलं की गोड्या पाण्याने धुणं, नाहीतर तारांवर आणि बोल्टांवर खारा गंज चढायला वेळ लागत नाही.

लडाखचं विचारलं तर सर हसतात. जायचंच झालं तर गाडी मडगावहून रेल्वेने पार्सल करायची, टाकी रिकामी करून, आरसी आणि विम्याच्या प्रती जोडून. इतक्या लांब नुसता हायवे हाकण्यात त्यांना रस नाही. आधी जानेवारीत हंपी.

टॉप बॉक्सचं तेवढं अजून ठरलेलं नाही. मिसेस म्हणतात, “अहो, हंपीपर्यंत पाठ टेकायला नको का काही?” सरांना मागे वजन नको आहे. मेकॅनिकने मधला मार्ग सुचवला, नुसती पाठीची गादी, बॉक्सशिवाय. तिचा भाव काढायला सर शनिवारी डिचोलीला जाणार आहेत.