जागलीचं लाकूड

(दृश्य : पहाटेचा अंधार. हरभऱ्याचं शेत, मचाण, खाली जाळ. मागे डोंगराची काळी कड.)

पूस महिना, पहाटेचे चार. मेळघाटाच्या पायथ्याला हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं शेतातच मुक्काम ठोकतात. म्हणून माणूस जागलीवर. अंगावर चादर, हाताशी टॉर्च, वाजवायला एक पत्र्याचा डबा आणि समोर जाळ.

जाळात काय घातलंय तेवढं बघा. आपली सगळी गोष्ट त्याचीच आहे.

घरामागे तुराट्या-पऱ्हाट्या रचून ठेवलेल्या असतात. पण पऱ्हाटी भर्रकन पेटते आणि तशीच विझते. रात्र काढायची तर ओंडका लागतो. ओलं झाड तोडता येत नाही, तोडलं तरी धूरच फार. मग नजर जाते ती उभ्या वाळक्या खोडाकडे. ते कोरडं असतं, पोकळ असतं, डोक्यावर न्यायला हलकं.

(दृश्य : सकाळ. बांधापलीकडे सालईचं वाळलेलं खोड. वर एक भोक.)

हे तसलंच एक. सालईचं. साल गळालेली, शेंडा मोडलेला. वर मुठीएवढं गोल भोक दिसतं, ते सुतार पक्ष्याने कोरलेलं. तो सहसा जुन्या ढोलीत पुन्हा संसार मांडत नाही, दुसरी कोरतो. सोडलेल्या ढोलीवर मग पोपट, मैना, पिंगळा यांची नजर. मैना-पिंगळ्याला लाकूड कोरणं जमत नाही. पोपट फार तर भोकाचं तोंड रुंद करतो. पारा दहाच्या खाली गेलेल्या रात्री ढोलीतली हवा बाहेरच्याहून उबदार असते. म्हणजे ज्या लाकडावर आपण हात शेकतो, त्याच लाकडात बसून कुणीतरी थंडी काढत असतं.

(दृश्य : सागाच्या निष्पर्ण फांदीवर उन्हाला बसलेला रानपिंगळा.)

आणि हा रानपिंगळा. घुबडांच्या जातीतला, पण भरदिवसा शिकार करणारा. 1873 साली ए. ओ. ह्यूम यांनी याची नोंद केली. होय, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम. 1884 नंतर तो कुणाला सापडला नाही. पक्षी संपला, असंच धरून चालले होते. नोव्हेंबर 1997 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याला, शहाद्याजवळ, तो पुन्हा दिसला. 113 वर्षांनी! पुढे मेळघाटातही आढळला. याला लागतं सागाचं मोकळं जंगल आणि ढोलीचं झाड. याची वीण हिवाळ्यातच सुरू होते. आपल्या जागलीच्या आणि याच्या अंड्या-पिल्लांच्या रात्री एकच.

(दृश्य : गावातला चौक, रोपांचे ट्रे.)

5 ते 12 नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात रोपं लावतात, फोटो निघतात. लावावीतच. पण रोपाला ढोली यायला कित्येक दशकं जातात. तोवर उभं आहे ते खोड सांभाळावं लागतं.

(दृश्य : पालापाचोळा उलटेपालटे करणारे सातभाई.)

तेच पाचोळ्याचं. सातभाई दिवसभर पानं उलटून किडे वेचतात. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरतात. त्याआधी वनमजूर जाळरेषा काढून घेतात, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातला पाला जाळून टाकतात, आग पुढे सरकू नये म्हणून. तो पट्टा जळायलाच हवा. मोहाखाली फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लावलेली काडी मात्र पट्टा ओळखत नाही.

(दृश्य : खोडाचा बुंधा जवळून.)

मग लाकूड आणायचं कुठून? आधी झाडाखाली बघा. पांढऱ्या विष्ठेचे ओघळ, उंदराच्या हाडांच्या गुठळ्या, पिसं दिसली की वर कुणीतरी राहतंय. भोकाच्या कडा ताज्या, फिकट असल्या तरी तेच. असलं खोड सोडायचं. पडलेल्या फांद्या उचलायच्या, त्याही सगळ्या नाही. एखादा जाड ओंडका जमिनीवर कुजू द्यायचा, वाळवीला आणि वाळवीवर जगणाऱ्यांना.

हे सांगायला सोपं आहे, कारण आम्ही रात्री हॉटेलात झोपतो.

(दृश्य : पुन्हा शेकोटी. दोन म्हातारे, एक तरणा वनरक्षक.)

"ओलं तोडलं तं तुमी बोलता," एकजण म्हणतो, "वायलं तोडलं तं तुमचं पाखरू बोलते. मंग शेकाव कायनं, साहेब?"

वनरक्षक हसतो. उत्तर त्याच्याकडेही नाही. "काकाजी, ते भोकाचं तेवढं राहू द्या."

"राहू देल्लं ना," म्हातारा म्हणतो. "थ्या सालईले हात नाई लावला."

मग गुडघ्यावर तुराट्या मोडतो, मूठभर जाळात टाकतो. जाळ उसळतो, लगेच बसतो. तो पुन्हा मोडतो. दिवस उजाडायला अजून दोन तास आहेत.