किडनीची वाट पाहताना वाढलेलं वजन

नमस्कार श्रोतेहो.

डायलिसिस युनिटच्या दाराशी एक वजनकाटा असतो. पेशंट येतो, चपला काढतो, काट्यावर उभा राहतो. चार तासांनी मशीनवरून सुटला की पुन्हा उभा राहतो. मधला फरक म्हणजे अंगात साचलेलं पाणी. ते काढल्यावर जे वजन उरतं, त्याला आम्ही ड्राय वेट म्हणतो. मी अशाच एका युनिटमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते.

आमच्याकडे आठवड्यातून तीनदा येणारे एक काका आहेत. उंची १६५ सेंटिमीटर, ड्राय वेट १०६ किलो. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन मोजायचा आकडा, ३९. प्रत्यारोपणासाठी चौकशी करायला गेले, तर त्यांना सांगितलं गेलं, "आधी वजन कमी करून या." कसं करायचं, ते कुणी सांगितलं नाही. ते सरळ घरी आले आणि एक वेळचं जेवण सोडून दिलं.

अंग जड असलं की ऑपरेशन अवघड जातं, हे खरंच आहे. जखम चिघळते, हर्निया होऊ शकतो, नवी किडनी कामाला लागायला वेळ घेते. म्हणून बरीच केंद्रं बीएमआय ३५ किंवा ४०च्या वर असेल तर थांबायला सांगतात. पण डायलिसिसच्या माणसानं उपाशी राहून वजन उतरवायचं म्हणजे चरबीच्या आधी स्नायू जातात. काकांचंही तेच झालं. काट्यावर चार किलो कमी दिसले, पण जिना चढताना दोनदा बसावं लागायला लागलं. अशा पेशंटला चालायला जा म्हणणंही सोपं नाही. डायलिसिसच्या दिवशी तो घरी जाऊन फक्त झोपतो.

अशांसाठी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया हा खरा मार्ग आहे, आणि तो वेळेवर सुचवला जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे "पोट कापून बारीक होणं" म्हणजे श्रीमंतांची हौस, असाच समज आहे.

किडनीच्या पेशंटसाठी बहुधा स्लीव्ह निवडतात. दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. भूक लावणारं संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात आतड्याचा रस्ताच बदलतो, आणि मग अन्नातला ऑक्झलेट नावाचा घटक रक्तात जास्त शोषला जातो. तो किडनीत साचून तिचं नुकसान करू शकतो. ज्या किडनीसाठी इतकी वाट पाहिली, तिलाच धोका! शिवाय प्रत्यारोपणानंतरच्या औषधांचं शोषणही बायपासमध्ये बदलू शकतं. म्हणून स्लीव्ह.

पण शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने डोळ्यांत तेल घालून सांभाळावे लागतात. इतर पेशंटना आम्ही सांगतो, घोट घोट भरपूर पाणी प्या. डायलिसिसवाल्याला ते चालत नाही, आणि फार कमी प्यायला तर बीपी पडतं. बीपी पडलं की हातातला फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, बंद पडण्याची भीती. त्यावर बोटं ठेवा, मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती रोज सकाळ-संध्याकाळ तपासायची. थांबली तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. वजन उतरत जातं तसं ड्राय वेट पुन्हा पुन्हा ठरवावं लागतं, बीपीच्या गोळ्या आणि इन्सुलिन कमी करावं लागतं. हे सगळं डॉक्टरांनीच करायचं, आपल्या मनानं नाही.

खाण्याचं म्हणाल, तर घरोघरी डाळीचं पाणी पाजतात. त्यात प्रथिनं नावालाच असतात. अंड्याचा पांढरा भाग किंवा थोडं पनीर द्या, तेही दोन-दोन चमचे. नारळपाणी मात्र नको. त्यातलं पोटॅशियम डायलिसिसच्या पेशंटच्या हृदयाला घातक ठरू शकतं.

खर्चाची काळजी असतेच. तुमच्या विमा पॉलिसीत या शस्त्रक्रियेच्या अटी छापलेल्या असतात: बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार. तेवढं पान काढून बघा आणि डॉक्टरांकडून लेखी शिफारस मागा.

काकांची स्लीव्ह झाली. वर्षभरात ड्राय वेट ८५ किलोवर आलं. काकूंचा रक्तगट जुळत नाही, म्हणून मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी काकांचं नाव अवयववाटप करणाऱ्या विभागीय समितीच्या प्रतीक्षा यादीत आहे. डायलिसिस चालू असताना आम्ही सगळ्यांना मोबाइल सायलेंटवर ठेवायला सांगतो. काकांना सांगत नाही. त्यांचा फोन उशाशी असतो, आवाज पूर्ण मोठा करून.