लोखंड दाबलं तर काय होतं?

नमस्कार मंडळी. खिळा चुंबकाला चिकटतो हे आपण शाळेत जायच्या आधीपासून बघतोय. पण त्याच लोखंडाचा बारीक कण हवेच्या दाबाच्या साधारण 1 लाख 30 हजार पट दाबाखाली चेपला ना, तर अणूंची रचनाच बदलते आणि त्याचं चुंबकपण जातं! आणि 2001 साली जपानमध्ये ओसाकाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की दीड ते तीन लाख पट दाबात, उणे 271 डिग्रीपर्यंत गार केलं की तेच लोखंड सुपरकंडक्टर होतं, म्हणजे वीज वाहते पण अडथळा शून्य, तापणं नाही की गळती नाही.

आता हे दोन्ही एकत्र का नांदत नाहीत, तर बहुतेक सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालतात, एकाचं तोंड वर तर दुसऱ्याचं खाली, आणि लोखंडासारख्या चुंबकात मात्र सगळ्यांना एकाच दिशेला तोंड करायचं असतं, मग जोडी जमणार कशी?

दाब बाहेरून देता येतो, तसा आत हायड्रोजन शिरवूनही धातू बदलता येतो. पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या जवळजवळ 900 पट हायड्रोजन पिऊन घेतो. एरवी तो चुंबक व्हायच्या अगदी उंबरठ्यावर असतो आणि त्यामुळेच सुपरकंडक्टर होत नाही, पण हायड्रोजन भरला की ती चुंबकाची ओढ संपते आणि 1972 मध्ये दिसलं की उणे 264 डिग्रीच्या आसपास तो सुपरकंडक्टर होतो. मला ही गोष्ट फार आवडते, कारण इथे बाहेरून चेपायची गरजच नाही.

पण हायड्रोजन दरवेळी चुंबकाच्या विरोधातच जातो असं नाही हं. लँथनम हा धातू, लोखंड आणि सिलिकॉन यांचा एक मिश्रधातू आहे, गॅसशिवाय चालणाऱ्या फ्रिजसाठी त्यावर काम चालू असतं. त्यात हायड्रोजन घातला की अणूंची जाळी फुगते, लोखंडाचे अणू एकमेकांपासून लांब होतात आणि जे चुंबकपण आधी कडाक्याच्या थंडीतच टिकायचं ते खोलीच्या तापमानातही टिकतं. बाहेरून दाबलं की बरोबर उलटं.

आणि दाब आणि हायड्रोजन दोन्ही एकत्र आले तर? भौतिकशास्त्रज्ञ नील अ‍ॅशक्रॉफ्टने 1968 मध्येच म्हटलं होतं की हायड्रोजन दाबून धातू केला तर तो जास्त तापमानालाही सुपरकंडक्टर राहील, कारण सगळ्यात हलका अणू, कंपनं जोरात, आणि जोड्या बांधतात ती कंपनंच. 2015 मध्ये जर्मनीत माइन्झला मिखाइल एरेमेट्स या शास्त्रज्ञाच्या टीमने सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड घेतला, दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये साधारण 15 लाख पट दाबला आणि उणे 70 डिग्रीला सुपरकंडक्टर मिळाला. अंटार्क्टिकात व्होस्टोक या संशोधन केंद्रावर 1983 मध्ये उणे 89.2 मोजलं गेलंय, म्हणजे पृथ्वीवर उणे 70 हून गार हवा असते! हायड्रोजनच्या जागी त्याचंच जड रूप, ड्युटेरियम, घातलं तर तापमान खाली आलं, म्हणजे हे काम हायड्रोजनच्या कंपनांचंच. 2019 ला लँथनम हायड्राइड, म्हणजे लँथनम आणि हायड्रोजनचं संयुग, उणे 23 पर्यंत पोचलं, घरातला फ्रीझर साधारण उणे 18 ला असतो बघा.

मधे 2020 आणि 2023 मध्ये थेट खोलीच्या तापमानाचे दावे छापून आले आणि दोन्ही शोधनिबंध मागे घ्यावे लागले, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण खरं काम करणाऱ्यांकडेही मग लोक संशयाने बघतात.

अडचण दाबाची आहे. नमुना केसाच्या जाडीएवढा आणि हिरे दाबणारा स्क्रू सैल केला की सगळं गेलं. म्हणून आता तिसरं मूलद्रव्य घालून बघतायत, 2023 मध्ये लँथनममध्ये बेरिलियम मिसळून केलेलं हायड्राइड 8 लाख पट दाबात उणे 163 ला सुपरकंडक्टर झालं. तापमान घसरलं खरं, पण दाब जवळजवळ निम्म्यावर आला, आणि मला विचाराल तर आत्ता नजर त्या दाबाच्या आकड्यावरच ठेवायला हवी.